माय, मन्हा पाय सोड

सुईणीने राखेने हात धुतले आणि सुंदरबाईला सरळ सांगितलं, "सुंदर, मूल उलटं शे. हाई मन्हा हातनं काम नही. गाडी जोडा."

लेक ताईबाई पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला काही झालं असतं तर तिच्या सासरी तोंड दाखवायला जागा उरली नसती. सुंदरबाईने लेकीला गाडीत निजवलं आणि घर उघडं टाकलं. उघडं म्हणजे अगदी उघडं. बाई अडली की घरात एकही गाठ बांधलेली, एकही झाकण लावलेलं ठेवायचं नाही, म्हणजे तीही मोकळी होते, असा तिकडचा रिवाज. तिने कणगीचं झाकण काढलं, पेटीचं कुलूप काढलं, लेकीची वेणी मोकळी केली, मग गाडीत चढली.

आग्रा रोडवरच्या बाजारगावात बाळंतिणींचा दवाखाना नवीनच निघाला होता. भिंतींना चुना लावलेला, आत फिनेलचा वास. नर्स इंदिराबाईंनी ताईबाईला आत घेतलं आणि दारात हात आडवा धरला.

"तुम्ही बाहेर बसायचं."

"मी तिनी माय शे, बाई."

"म्हणूनच बाहेर. आई दिसली की पोरी जास्त गळा काढतात."

सुंदरबाई ओट्यावर बसली. आतून लेकीचा आवाज यायचा, त्यावर इंदिराबाईंचा चढायचा. "नवऱ्याजवळ जाताना ओरडली होतीस का गं? मग आता कशाला?" मग मांडीवर चापट बसल्याचा आवाज. सुंदरबाई उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. काय करावं ते सुचेना, तेव्हा ती लिंबाखाली बसलेल्या नवऱ्याकडे गेली.

"आयका ना. बैलेसना दोर सोडा. गाडीन्या बी बठ्ठ्या गाठी सोडा."

"बैल पळी जातीन ना!" जीवराम म्हणाला.

"जावू द्या."

त्याने दोर सोडले, जुवाचे पट्टे सोडले, डोक्यावरचं पागोटंसुद्धा सोडलं. बैल रमतगमत बाजारात शिरले आणि एका बाईच्या मेथीच्या पाटीत तोंड घातलं. पागोटं खांद्यावर लोंबत असलेला जीवराम त्यांच्यामागे धावला. मेथीवालीने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तेवढ्यात इंदिराबाई दारात आल्या. "या आता आत. तुमची पोर दोनदा टेबलावरून खाली उतरली. जमिनीवर उकिडवी बसते, जनावरासारखी."

सुंदरबाईची सगळी मुलं तशीच झाली होती, आढ्याला बांधलेला दोर धरून, उकिडवं बसून. ते सांगायला तिने तोंड उघडलं.

"तुमच्याकडचं इथे चालत नाही," इंदिराबाई म्हणाल्या. "कलेक्टरसाहेबांचा तळ पडलाय, मडमेला ताप आहे. डॉक्टर तिकडे गेलेत. ते येईपर्यंत ही हलता कामा नये. सांगा तिला."

ताईबाई उताणी होती. टेबलाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी दांड्या होत्या आणि गुडघ्यात वाकवलेले तिचे पाय कापडाच्या पट्ट्यांनी त्यांना बांधले होते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे हाड कातडीच्या लगेच खाली लागतं, तिथे लोखंड रुतलं होतं. मोकळे केस घामाने तोंडाला चिकटलेले.

"माय, मन्हा पाय सोड."

सुंदरबाईचा हात पट्टीवर गेला. गाठीचं टोक तिच्या चिमटीत आलं.

"सोडा खुशाल," इंदिराबाई शांतपणे म्हणाल्या. "सोडा, गाडी जोडा आणि घेऊन जा घरी. मूल उलटं आहे. वाटेत काय व्हायचं ते होईल. मग माझ्या नावाने रडायचं नाही."

सुईणीने तर हात धुतलेले. घर लांब, रस्ता दगडगोट्यांचा. सुंदरबाईने टोक सोडून दिलं आणि तोच हात लेकीच्या कपाळावर ठेवला.

"गप पडी ऱ्हाय, बेटा. बाईना आयक."

ताईबाईने तिच्याकडे पाहिलं. त्यानंतर ती ओरडली पुष्कळ, पण माय म्हणून हाक मारली नाही.

डॉक्टर आले तेव्हा उन्हं उतरली होती. त्यांनी मूल ओढून काढलं. मुलगा होता, आणि थोड्या वेळाने रडलाही. "पेढे आणा आता," इंदिराबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा थकलेला होता. सुंदरबाईने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ताईबाईला उभं केलं, तर डावं पाऊल उचलेना. टाच उचलली जायची, पुढचा भाग फरफटत यायचा. डॉक्टरांनी बोटं वरखाली करून पाहिली. "शीर दाबली गेलीय. येईल हळूहळू. नाही आली तर काठी घ्यायची."

"दोनदा टेबलावरून उतरायला बरा चालत होता पाय," इंदिराबाई म्हणाल्या.

सुंदरबाईने पदर सावरला. "बाई, बांधं म्हणीसन व्हयनं का हाई?"

"बांधलं म्हणून तर नातू हातात आहे तुमच्या."

नातू खरंच हातात होता, दुपट्यात गुंडाळलेला, लालबुंद. बांधलं नसतं तर तो वाचता की नाही, हे सांगणारं तिला कोणी नव्हतं.

निघायच्या दिवशी जीवरामने गाडी दाराशी आणली. ताईबाई भिंत धरत धरत आली. उजवा पाय तिने वर ठेवला, डावा खालीच राहिला.

"पाय उचल, बेटा," सुंदरबाई म्हणाली.

"तूच उचल."

सुंदरबाई खाली बसली. पाऊल गरम होतं. तळव्याखाली हात घालून वर केलं की वर यायचं. हात काढला की खाली लोंबायचं.