बळीचं खोकं

तिला सगळे चिमटा म्हणत. संग्रहालयाच्या अभिलेख विभागात, म्हणजे जुने कागद, नकाशे, फोटो जिथे जपून ठेवतात तिथे, ती कामाला होती आणि हातातला चिमटा काही केल्या खाली ठेवत नव्हती. घरी भातसुद्धा चिमट्यानंच वाढत असेल, असं मागून बोलत. ते तिच्या कानावर जायचं आणि तिला ते कौतुकच वाटायचं. आता अशा बाईला काय म्हणणार?

विभागप्रमुख बाई निवृत्त व्हायला आल्या होत्या आणि त्यांच्या खुर्चीवर दोघांचा डोळा होता. एक चिमटा, दुसरा मस्का. मस्का तिच्या शेजारच्याच टेबलावर बसायचा. त्याला ते नाव का पडलं हे कळायला त्याला एकदा संचालकांच्या केबिनमध्ये शिरताना बघितलं की पुरे. संचालकांनी दोघांना बोलावून सांगितलं, "वरून समिती येणार आहे. सामान्य लोकांसाठी काय केलंत आणि दुसऱ्या संस्थांच्या माणसांना काय शिकवलंत, एवढ्या दोनच गोष्टी बघणार. ज्याचं काम दिसेल त्याची खुर्ची."

आली का पंचाईत! चिमट्याला कागद आवडायचे, माणसं नाही. कागद मध्येच बोलत नाहीत, नाक शिंकरत नाहीत, आपल्या आजोबांच्या गोष्टी सांगत नाहीत. पण खुर्चीसाठी तिनं दात-ओठ खात एक जाहीर दिवस ठरवला: घरातले जुने फोटो घेऊन या, ते कसे जपायचे ते आम्ही दाखवू. वर्तमानपत्राचा फोटोग्राफरही बोलावला.

त्या दिवशी लिफ्टवाले काका आले. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस, बोटांच्या पेरांत अजून काळं वंगण. काखेत बुटांचं खोकं आणि दुसऱ्या हाताला बायको. बायकोनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं आणि ती काकांपासून अंग चोरून चालत होती.

"मी ह्यांच्याबरोबर आलेली नाही हं," तिनं टेबलापाशी येताच चिमट्याला सांगितलं. "हा माणूस कोण आहे, मला माहीत नाही."

काका अजिबात गडबडले नाहीत. त्यांनी खोकं उघडलं आणि एक फोटो काढून आपल्या गालाशी धरला. त्यात सायकलवर एक शेलाटा पोरगा आणि मागच्या कॅरियरवर हीच बाई, दोन वेण्यांची. "हा कोण?"

"हे आमचे हे," बाई लाजून म्हणाली.

मग दुसरा फोटो. त्याच पोराला मिशी फुटलेली. मग तिसरा, पोट सुटलेलं. मग टक्कल, मग चष्मा. पायऱ्या उतरावं तसे काका एकेक फोटो गालाशी धरत गेले आणि बाई प्रत्येक वेळी फोटोकडे बघायची, चेहऱ्याकडे बघायची. शेवटच्या फोटोपाशी तिचा चेहरा मोकळा झाला. तिनं पदर सोडला आणि नवऱ्याचा हात धरला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? केव्हाची घाबरलेय मी!"

"रोज सकाळी करावं लागतं," काका हसून म्हणाले. "एक पायरी चुकली तरी घोडं अडतं. पण फोटो पिवळे पडायला लागलेत, ताई. तेवढ्यासाठीच आलो."

चिमट्याच्या मनात काय आलं असेल? गलबलून आलं म्हणता? छे! अहवालात घालायला झकास प्रसंग मिळाला, हे मनात आलं.

"काका, रोज बोटं लावून फोटो खराबच होणार," ती म्हणाली. "आठ दिवस माझ्याकडे ठेवा. स्वच्छ करून, प्रती काढून देते. फुकट."

"आठ दिवस?" काकांनी बायकोकडे बघितलं. "आठ दिवस कसेबसे काढीन. पण ताई, एक सांगायचं होतं, हे भाच्यानं नीट करून–"

"इकडे बघा!" फोटोग्राफर ओरडला. चिमट्यानं खोकं छातीशी धरलं, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतकी गोड हसली की तिच्या आईनंसुद्धा तिला ओळखलं नसतं. दुसऱ्या दिवशी तो फोटो छापून आला. काकांचं वाक्य मात्र तिथंच राहिलं.

बाहेरची वस्तू आत घ्यायची तर तिला क्रमांक द्यावा लागतो, मालकाला पावती द्यावी लागते, वर संचालकांची सही. पण सही मागायला जायचं म्हणजे फुकट काम कबूल केलं हे सांगणं आलं. म्हणून चिमट्यानं खोकं तसंच आपल्या कपाटात ढकललं. नंतर बघू म्हणाली. आठ दिवस गेले, महिना गेला. काकांचे फोन यायचे. पहिल्यांदा ती म्हणाली, "चाललंय काम." पुढे पुढे फोन वाजत राहायचा आणि ती भिंगातून कसला तरी नकाशा बघत राहायची. एकदा काका स्वतः आले, तेव्हा तिनं शिपायाकडून बैठकीत असल्याचा निरोप दिला. काका जिन्यात बराच वेळ बसून गेले म्हणे.

समितीचा दिवस आला. त्या दिवशी चिमटा बाहेरगावच्या अभिलेखपालांना शिकवणार होती: पाणी शिरून फोटो भिजले तर ते वाचवायचे कसे. यासाठी विभागात एक खास खोकं असायचं. ज्याला क्रमांक नाही, ज्याला कोणी विचारत नाही, असे रद्दीतले फोटो त्यात टाकायचे आणि शिकवायची वेळ आली की मुद्दाम पाण्यात बुडवायचे. त्याला सगळे बळीचं खोकं म्हणत.

समिती चहा पीत होती तेव्हा चिमट्यानं ते खोकं उघडलं. आत तळाला थोडी धूळ, बाकी ठणठणाट.

"अगं, काल मी थोडा सराव केला," मस्का दारातून म्हणाला. "म्हटलं आपणही शिकावं काहीतरी. लागणार होतं का तुला? सांगायचंस की!"

मेल्या, तुझ्या तोंडात किडे पडोत, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आत माणसं खुर्च्या ओढून बसत होती. ट्रेमध्ये पाणी भरून तयार होतं. भिजवायला मात्र एक चिठोरं नव्हतं. मग तिला आपलं कपाट आठवलं.

तिचं डोकं भराभर चालायला लागलं. फोटोला पाण्याचं भय नसतं. जुने फोटो जन्मतातच पाण्यात, धुऊन वाळवले की उलट उजळतात. हे तिनं शेकडो जणांना शिकवलं होतं. म्हणजे काकांचे फोटो स्वच्छही होतील, समितीलाही खरीखुरी वस्तू दिसेल, आणि काका तर आज येणारच होते. वर्तमानपत्रातला फोटो बघून संचालकांनीच त्यांना दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. सगळ्यांसमोर स्वच्छ फोटो त्यांच्या हातात द्यायचे. टाळ्याच टाळ्या! फोटो भिंगाखाली धरून आधी तपासायचा, हा पहिला नियम. तो नियमही तिनंच शिकवलेला. पण सायकलवरच्या पोराचे घरगुती फोटो, त्यांना कसलं भिंग लावायचं? ज्याला क्रमांक नाही त्याच्याकडे ती कधीच नीट बघत नसे.

काका पहिल्या रांगेत बसले होते, एकटेच. बायकोला शेजारणीकडे ठेवून आले होते. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकीच्या काजात. ओळखीचं खोकं बघताच त्यांचा चेहरा असा उजळला की बघवेना.

"हे फोटो रद्दीतले नाहीत," चिमटा समितीला म्हणाली. "या समोरच्या काकांचे आहेत. त्यांच्या पत्नी हे फोटो बघूनच त्यांना ओळखतात. आपल्या कामावर आपला किती विश्वास असावा, ते आज दाखवते." आणि तिनं पहिला फोटो चिमट्यात धरला.

काका अर्धे उठले. "ताई, पाण्यात नका घालू. ते भाच्यानं–"

"काका, घाबरू नका. बसा."

"नाही, पण ऐका तरी, ते तसले–"

"बसा हो काका! हे आमचं रोजचं काम आहे." लोक हसले. मागच्या कोणीतरी काकांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवलं. मोठ्या लोकांत आपण काय बोलायचं, असं वाटलं असेल त्यांना. बसले बिचारे.

एक नाही, दोन नाही, सगळे फोटो तिनं एकामागून एक ट्रेमध्ये सोडले, वेणीवाल्या मुलीपासून चष्म्यापर्यंत.

पाणी आधी गुलाबी झालं. चिमट्याला वाटलं, मळ असेल. मग पाण्यात पिवळं उतरलं, निळं उतरलं, आणि सायकलवरच्या पोराचा चेहरा गालापासून सुटून पाण्यात पसरत गेला. पाठोपाठ मिशी गेली, टक्कल गेलं. तिनं घाईनं एक उचलला तर हातात नुसता पांढरा ओला कागद आणि त्यावर कोणाच्या तरी शर्टाच्या काळपट रेघा. तेव्हा तिला कळलं. हे मुळातले फोटो नव्हतेच. ही घरच्या प्रिंटरवर शाईनं काढलेली नक्कल होती. भिंग एकदा डोळ्याला लावलं असतं तरी शाईचे ठिपके दिसले असते.

मस्का दाराला टेकून दात कोरत होता. समितीच्या अध्यक्षबाईंचं पेन कागदावर थांबलं होतं. चिमट्याला त्या पेनापलीकडे खुर्ची दिसत होती, आणि ती खुर्ची आता पाण्याबरोबर चालली होती.

ती वळली. आवाज जराही कापला नाही तिचा, धन्य त्या बाईची! "आणि हाच," ती म्हणाली, "आजचा धडा. मालक प्रेमानं सांगतो, हे आमचे जुने फोटो. आपण विश्वास ठेवतो. त्याला स्वतःलाही माहीत नसतं की आपल्याकडे आहे ती नक्कल आहे. म्हणून मालकाच्या शब्दावर कधीही जाऊ नका. हे मी बोलून सांगितलं असतं तर तुम्ही विसरला असता. आता जन्मभर विसरणार नाही."

अध्यक्षबाईंनी मान डोलावली, पेन चालू लागलं, आणि टाळ्या पडल्या. चांगल्या कडकडून पडल्या. मस्क्यानं दातांतली काडी काढून तिला लांबूनच नमस्कार केला.

काका ट्रेपाशी आले. लोक चहाकडे वळत होते. "मला माहीत होतं, ताई," ते हळूच म्हणाले. "जुने फोटो ओल लागून केव्हाच गेले. ते जायच्या आधी भाच्यानं मशीनवर हे काढून दिले होते. तेच सांगत होतो मी."

"मग भाच्याकडून परत काढून घ्या."

"त्याचं मशीन, कॉम्प्युटर, सगळं भंगारात गेलं. विचारलं होतं मी." त्यांनी पाण्यात बोटं घालून एक कागद उचलला, उलटा केला, सुलटा केला. "एखादा राहिलाय का हो ह्यात?"

"काका, हात घालू नका, शाई लागेल," चिमटा म्हणाली. तिला अध्यक्षबाई हाक मारत होत्या.

खुर्ची तिला मिळाली. मिळणारच! तो प्रसंग इतका गाजला की वेगवेगळ्या संस्थांतून तिला शिकवायला बोलावणी येऊ लागली. वाहून गेलेल्या चेहऱ्यांचे मोठे फोटो काढून तिनं पडद्यावर दाखवायला घेतले, आणि तोच ट्रे सगळीकडे बरोबर नेऊ लागली. लोक हळहळायचे, वह्यांत उतरवून घ्यायचे. बळीच्या खोक्याला आता कुलूप होतं आणि किल्ली तिच्याकडे.

असंच एकदा ती गावाला शिकवायला निघायच्या गडबडीत होती आणि शिपायानं काकांना आत सोडलं. ओळखायला तिला एक क्षण लागला. खंगले होते. हातात कापडी पिशवी, तीत टॉवेल आणि एक सदरा.

"घरात घेत नाही ती," काका म्हणाले. "आतून कडी लावते. म्हणते, माझा नवरा कामावरून यायचाय, तुम्ही कोण? शेजारीण दोन घास देते तिला. मी जिन्यात झोपतो. काल ओरडून ओरडून तिनं माणसं गोळा केली, पोलिसांना बोलवा म्हणाली."

"अरेरे," चिमटा म्हणाली. ते तिनं मनापासून म्हटलं, एवढं तरी तिच्या पदरात टाकू या.

"एकच काम होतं, ताई. तिनं सारा जन्म पोस्टात काढला. माणसं विसरली, पण शिक्का तिला अजून कळतो. शिक्का मारलेला कागद दिसला की गप्प बसून वाचते. तुमच्या संग्रहालयाचा मोठा गोल शिक्का आहे ना? त्या कागदावर एवढंच लिहून द्या, की हा माणूस हिचा नवरा आहे. तुम्ही फोटो बघितलेत. बघणारं माणूस आता तुमच्याशिवाय कोणी नाही."

चिमट्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. गाडी खाली उभी होती. आणि मग तिच्या तोंडून ते वाक्य गेलं, जे ती रोज दहा माणसांना सांगत असे, विचार न करता, सवयीनं.

"काका, पुराव्याशिवाय आम्हाला असं काही लिहून देता येत नाही. तुमच्या दोघांचा एखादा जुना फोटो असेल तर घेऊन या, मग बघू."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. जीभ चावली तिनं. काका तिच्याकडे बघत उभे होते. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बघतो," ते म्हणाले, आणि दार हळूच ओढून घेऊन गेले.

हाक मारायला तिनं तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात शिपाई विचारायला आला, "ताई, तो ट्रे आजच्या शिकवणीला गाडीत ठेवू का?" आणि ती म्हणाली, "ठेव. जपून ठेव हं, तडा जायला नको."