ब्रिटाला कुठे पाठवायचं

मार्च संपत आला तरी आमच्या डुलूथ गावाला सरोवरावर बर्फाचे तुकडे तरंगत असतात. त्याच दिवसांत ब्रिटाची उलटी उडी गेली. सोमवारी येत होती, बुधवारी येईना. उभ्या जागेवरून मागे झोकून द्यायचं, हात टेकायचे आणि पाय डोक्यावरून पलीकडे न्यायचे, ही उडी नऊ वर्षांची ती पोर वर्षभर दात घासावेत इतक्या सहज घेत होती. त्या दिवशी तिने गादीच्या टोकाला उभं राहून हात वर केले आणि तशीच उभी राहिली. ती पडली नव्हती, कुठे दुखतही नव्हतं. जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्या बाईंनी तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात असं होतं, अचानक भीती बसते. उन्हाळ्यात एखाद्या निवासी शिबिराला पाठवा, जागा बदलली की पुष्कळदा सुटतं.

तिची आई कर्स्टन माझी शेजारीण. शाळेच्या बसगाड्या कुठे पोचल्या, कुठली बर्फात अडकली, हे रेडिओवर विचारत राहणं हे तिचं काम. एखादी गाडी जरा वेळ गप्प राहिली की टेबलाखाली तिचा पाय हलायला लागतो. घरीही तेच. त्या बाईंनी शिबिराचं नाव काढलं आणि कर्स्टनची झोप उडाली. भांडी घासताना, गाडीत पेट्रोल भरताना, चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानासुद्धा तिच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता, पाठवायचं तर कुठे? आठवडाभर पोर परक्यांच्या हातात. या खेळातल्या मुलींशी कोच आणि डॉक्टर किती वाईट वागले हे बातम्यांत येऊन गेलं होतं, ते तिला विसरता येत नव्हतं. माझ्याकडे कॉफीला आली की कप हातात घेऊन ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालायची.

नवरा ट्रॉय बंदरात, मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर. तो म्हणायचा, "अगं, पोरगी खेळायला चाललीय, लढाईवर नाही." यावर ती आणखी चिडायची.

शेवटी दोन शिबिरं उरली. मे महिन्यात दोन्हीकडे पालकांना बोलावलं होतं, मुलांना तासभर सराव करून पाहता येणार होता.

पहिलं शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, मोठं आणि चकचकीत. आत शिरताच ब्रिटाचे डोळे विस्फारले. लटकून झुलायचे इतके दांडे, इतक्या गाद्या, आणि खाली फोम भरलेला खड्डा, त्यात कसंही पडा, लागत नाही. कर्स्टनने येताच विचारायला सुरुवात केली. खोलीत रात्री मुलींजवळ कोण असतं? शिकवणारा आणि मुलगी कधी एकटे असतात का? फोन का काढून घेता? दाखवायला आलेल्या बाईंनी प्रत्येक प्रश्नाचं नीट, न कंटाळता उत्तर दिलं. कर्स्टनला खटकायला काही उरलंच नाही, आणि त्यामुळेच ती अधिक अस्वस्थ झाली.

सराव पालकांनी काचेमागून बघायचा होता. ब्रिटाच्या गटाला कोल्बी नावाचा तरुण कोच होता. चुणचुणीत, हसरा. मुलींनी एकेक करून उलटी उडी घेतली. ब्रिटाची पाळी आली, तिने हात वर केले आणि थांबली. कोल्बी तिच्याशी काहीतरी बोलला, मग बाकीच्या मुलींकडे वळून काहीतरी म्हणाला. सगळ्याजणी हातापायांच्या पंजांवर, अंग फळीसारखं ताठ धरून जमिनीलगत थांबल्या. आधी कर्स्टनला कळलं नाही. मग एका मुलीचे दंड थरथरायला लागले, दुसरीने मान वर करून ब्रिटाकडे बघितलं, तेव्हा कळलं. ब्रिटा उडी घेईपर्यंत त्यांची सुटका नव्हती.

ब्रिटाचे गाल ओले झाले होते. तिने हात वर केले, खाली घेतले, पुन्हा वर केले. आणि उडी घेतली. अगदी सरळ, सुरेख. मुली धपकन खाली पडल्या, उठल्या, टाळ्या वाजवल्या. कोल्बीने तिच्या हातावर टाळी दिली.

ट्रॉयने बायकोच्या खांद्यावर हात टाकला. "आली की नाही? दोन महिने आपण डोकं फोडतोय, आणि या पोराने एका तासात करवून घेतली."

कर्स्टनला आनंद व्हायला हवा होता आणि तो होत नव्हता.

पुढच्या शनिवारी ते दुसरीकडे गेले. ब्रेनर्ड गावाच्या पुढे, पाइनच्या झाडीत. तिथे गुरांच्या जुन्या गोठ्याचा सरावाचा हॉल केला होता. गाद्या जुन्या, दांडे दोनच. मुख्य कोच मार्लिस, पन्नाशीची, सावकाश बोलणारी. तिने सगळ्या पालकांना घरी केलेल्या वड्या आणि पांचट कॉफी दिली. कर्स्टनने तेच प्रश्न विचारले, उत्तरंही जवळजवळ तीच मिळाली. मग तिने उडीचं विचारलं.

मार्लिस म्हणाली, "मी तिला रोज सकाळी एकदा विचारीन. नको म्हणाली तर नको. दिवसभर पुढच्या उड्या आहेत, दांडा आहे, काम पुष्कळ आहे."

"आणि आठवडाभर नकोच म्हणाली तर?" ट्रॉयने विचारलं.

"तर तशीच घरी येईल."

परतीच्या वाटेवर ट्रॉय म्हणाला की उडी न घेण्यासाठी एवढ्या लांब पाठवायची काय गरज, ते तर ती घरबसल्या करतेय. कर्स्टन म्हणाली, तिकडे पोर रडत होती. तो म्हणाला, रडली, पण जमलं ना? मागच्या सीटवर ब्रिटा ऐकत होती, म्हणून कर्स्टनने तिलाच विचारलं, तुला कुठे जायचंय?

"मला पहिल्या ठिकाणी जायचंय," ब्रिटा म्हणाली.

"तू तिथे रडत होतीस, राणी."

"रडले. पण केलं."

"त्या मुलींना ताटकळत ठेवलं म्हणून केलंस ना?"

ब्रिटा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हो. पण केलं ना."



मधला आठवडा बंद असलेलं आपलं जिम सोमवारी उघडलं आणि ब्रिटा गादीच्या टोकाला उभी राहिली. हात वर केले, आणि नाही. पुढच्या खेपेलाही नाही. आता तिथे फळीसारखं कुणी थांबलेलं नव्हतं. कर्स्टनने यातून घेतलं, की दडपणाखाली घेतलेली उडी टिकत नाही. ट्रॉयने नेमकं उलटं घेतलं, की एक आठवडा तिथे राहिली असती तर पक्की झाली असती. दोघं गॅरेजमध्ये जाऊन भांडायचे, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. मला ऐकू यायचं.

शेवटी कर्स्टनने मार्लिसकडे नाव नोंदवलं, आणि मग स्वतःच ब्रिटाला सांगितलं.

"मग मला विचारलंस कशाला?" ब्रिटा म्हणाली आणि वर निघून गेली.

जुलैत तिला सोडायला कर्स्टन एकटीच गेली. पोचल्यावर ब्रिटाने बॅग स्वतः उचलली, आईला मिठी मारू दिली, पण स्वतः मारली नाही.

तो आठवडा कर्स्टनने कसा काढला ते मी बघितलंय. रेडिओवर बसगाड्या नव्हत्या, शाळा बंद. तिने गॅरेज आवरलं, मग कुंपण रंगवलं, अर्ध्यात सोडून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मी चुकले का गं?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. एका दुपारी गाडी काढून ती थेट निघाली. निम्म्या वाटेवर एका हॉटेलात काहीतरी गोड खाऊन, तिथे जाऊन कोणाला काय सांगणार याचं भान येऊन परत फिरली. ट्रॉयला तिने हे सांगितलं नाही. मला सांगितलं.

शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम होता. ट्रॉय सुट्टी काढून आला. ब्रिटा दांड्यावर छान झुलली, पुढच्या उड्या एकामागून एक घेतल्या. बाकीच्या मुली उलटी उडी घेऊ लागल्या तेव्हा ती बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत होती. ट्रॉयने बायकोकडे बघितलं नाही, आणि ते न बघणं तिला पुरेसं बोचलं.

नंतर तो बॅग आणायला गेला. कर्स्टनने पोरीला जवळ घेतलं. या वेळी मिठी दोन्ही बाजूंनी होती.

"नाही जमली ना? असू दे," ती म्हणाली.

"जमली की. गुरुवारी. मार्लिसने रोज विचारलं, मी रोज नको म्हटलं. गुरुवारी हो म्हटलं. ती नुसती शेजारी उभी होती. मग दोनदा केली."

"मग आज का नाही केलीस?"

ब्रिटाने बुटाच्या टोकाने माती उकरली. "तू बघत होतीस ना."

"म्हणजे?"

"तू बघत असलीस की श्वास धरून ठेवतेस. मला लांबूनही दिसतं. मग मलाही धरावासा वाटतो. श्वास धरून नाही जाता येत मागे."

कर्स्टनला ते पहिल्या क्षणी इतकं लागलं, की तिला म्हणायचं होतं, अगं, तिकडे विस्कॉन्सिनमध्ये पण मी बघतच होते. पण तिथे पोरीने ती उडी रडत, अडकलेल्या मुलींच्या सुटकेसाठी घेतली होती, ते तिला आठवलं.

"पुढच्या वर्षी," ब्रिटा म्हणाली, "बघायला बाबाला पाठव. आणि कुठे जायचं ते मी ठरवणार."

"पहिल्या ठिकाणी?"

"माहीत नाही अजून."

कर्स्टन म्हणाली, "बरं." हे एवढं म्हणायला तिला फार कष्ट पडले, असं तिनेच मला सांगितलं.

सप्टेंबरपासून जिमला ब्रिटाला ट्रॉय नेऊन सोडतो. तो तिथे बसून फोनवर बेसबॉल बघतो, पोरीकडे त्याचं लक्षही नसतं. उडी काही दिवशी येते, काही दिवशी येत नाही. सरावाच्या त्या संध्याकाळी कर्स्टन माझ्याकडे असते. मी तिला खुर्ची देते, ती बसत नाही.