कुंकवावाचून बोलावणं

गेली तीन वर्षं ठाण्याच्या चरईत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायचा मान शकूचा होता. हातात कुंकवाची कोयरी घ्यायची, दारोदारी बायकांना कुंकू लावायचं नि म्हणायचं, "नक्की यायचं हं!" घरोघरी खाऊ, वर कौतुक!

यंदा मात्र सहा वर्षं झांजीबारला राहून काका परतले नि त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी उत्तरा आली. तिचे ते बूट, ते हळू बोलणं! शकूला तिला नुसतं पाहूनच मिरच्या झोंबायच्या.

"काकू, घरोघर कशाला हिंडायचं?" उत्तरा म्हणाली. "तिकडे आम्ही चिठ्ठी पाठवतो. येणार की नाही, तेही लिहून येतं."

"बघ शकू, शिक काही!" असं म्हणून आई कैऱ्या किसायला आत गेली. झालं! कोयरी फडताळात गेली.

उत्तरानं चौदा चिठ्ठ्या लिहिल्या. काळीभोर शाई, टपोरं अक्षर, पण कुंकवाचं बोट कुठेच नाही. बिनकुंकवाचा कागद दारात आला की बायका वाईट बातमी समजतात, हे शकूला चांगलं ठाऊक होतं. ओठांवर आलेलं तिनं गिळलं. होऊ दे फजिती मेलीची!

उत्तरा दारांच्या फटींतून चिठ्ठ्या सारून परतते न परतते, तोच शेजारच्या रंगूबाईंनी हंबरडा फोडला. त्यांचा मुलगा एडनला नोकरीला, आणि त्यांना वाचता कुठं येत होतं!

"माझ्या गुरुदत्ताचं काय झालं गं!"

उत्तरा पांढरीफटक पडली. "मी तर फक्त बोलावलं..."

शकूला आता हसू यायला हवं होतं. आलं नाही. कोयरी घेऊन ती धावत सुटली.

"मावशी, अहो, हे हळदीकुंकवाचं बोलावणं!" तिनं चिठ्ठीला नि रंगूबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं.

"कार्ट्यांनो, जीव घेतलात की माझा!" रंगूबाई रडता रडता हसल्या.

दारात उत्तरा उभी होती. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"नाही सांगितलं," शकू म्हणाली. "चल आता, तेरा घरं राहिलीत. तू वाच, मी कुंकू लावते."

तेरा घरी बायकांनी कुंकू लावून घेतलं नि चिठ्ठी बघून म्हटलं, "अगंबाई, काय अक्षर पोरीचं!"

आणि तेराही वेळा शकूच्या बोटानं कुंकू जरा जास्तच जोरात टेकलं.