दोन पानांतली नवरी

नसराला सगळं जमत होतं, एक गप्प पडून राहणं सोडून. आणि मस्कतच्या डॉक्टरांनी नेमकं तेच करायला सांगितलं होतं. उजव्या कुशीवर, खिडकीकडे तोंड करून झोपायचं आणि मान जराही हलवायची नाही. डोकं हलू नये म्हणून मागेपुढे वाळूच्या पिशव्या लावलेल्या. ‘‘मी काय गलबतातला माल आहे का गं, असं ठोकून बसवायला?’’ असं तिने पहिल्याच दिवशी नर्सला सुनावलं होतं.

गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. नसराला डोळा एकच. डावा लहानपणीच गेला, सूर गावच्या किनाऱ्यावर, बापाच्या गळाचा आकडा लागून. उरलेल्या उजव्यावर तिने संसार केला. नवरा गेल्यावर टोप्यांवर कशिदा काढून लेक वाढवली. आणि आता त्याच डोळ्याच्या आतला पडदा कडेने सुटायला लागला होता. कोपऱ्यात एक काळी सावली यायची आणि रोज थोडी पुढे सरकायची. अंगातली साखर उतरेना म्हणून ऑपरेशन लांबलं होतं. अखेर ती उतरली आणि शनिवार सकाळ ठरली. ‘‘दृष्टी राहील ना?’’ असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘‘इन्शाल्ला.’’ डॉक्टरच्या तोंडून एवढंच आलं की माणसाने काय समजायचं ते समजावं.

त्याच आठवड्यात तिच्या लेकीचं, असीलाचं लग्न होतं, तिकडे झंझिबारला. जावयाचं घराणं मूळचं ओमानचंच, पण पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेलं. विमानात पाऊल ठेवायचं नाही, अशी नसराला डॉक्टरांची सक्त ताकीद. खरं कळलं तर पोरगी लग्न मोडून धावत येईल म्हणून नसराने तिला ‘रक्तदाब चढलाय, दुसरं काही नाही’ असं सांगून टाकलं. आणि वर ‘लग्न सोडून येऊ नकोस’ अशी शपथही घातली.

मेंदीच्या रात्री नवरी हिरवा पोशाख घालते. असीलाचा पोशाख नसराने स्वतःच्या हाताने केला होता. बाह्यांवर जर, सुरवारीच्या पायांशी जर, आणि डोळ्याला धार लागली तरी टाका वाकडा नाही. असा पोशाख एका रात्रीपुरता अंगावर चढतो आणि मग पेटीत जातो. नसराला तो लेकीच्या अंगावर बघायचा होता, उद्या सकाळच्या आत. जगाकडून दुसरं काही नको होतं तिला.

‘‘मग फोनवर मागव की फोटो!’’ तिची नणंद शमसा उशाशी बसून खजूर खात म्हणाली. शमसा हॉस्पिटलात वहिनीची सेवा करत होती आणि सेवेच्या बरोबरीने टोमणेही मारत होती. दोन्हीत खंड नव्हता.

‘‘कुणाच्या फोनवर आहे तो, सांगा ना वन्सं? मेंदीच्या हॉलमध्ये फोन नेतात का? सगळ्यांचे दारात काढून घेतात. तुमचा नाही घेतला कधी?’’

‘‘माझा घेतला. पण एखादीने लपवून नेला असेल.’’

‘‘आणि मी तिला शोधून काढू? चोरून काढलेला माझ्या लेकीचा फोटो तिच्याकडे मागू?’’

शमसाने पुढचा खजूर उचलला. फोन का काढून घेतात, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. मागे एका नवरीचा उघड्या केसांतला फोटो छपाईच्या दुकानातून बाहेर पडला होता आणि चहाच्या टपऱ्यांवर या फोनमधून त्या फोनमध्ये फिरला होता. ती पोर पुढे कितीतरी दिवस उंबरा ओलांडेना. लग्नात बायकांचे फोटो काढणाऱ्या रय्याने तेव्हा हाय खाल्ली. फोटो तिने काढलेला नव्हता, पण ती गणित शिकलेली मुलगी, डोक्यात भुंगा लागला की लागला. कुणा परक्याच्या हातून फोटो छापून घ्यायचा, पण त्या परक्याला तो दिसता कामा नये. आता आहे का असं काही जगात?

होतं. आणि शुक्रवारी दुपारी रय्या तेच घेऊन खोलीत आली. झंझिबारहून कालच परतली होती. बगलेत एक रिकामी फोटोफ्रेम आणि हातात पुठ्ठ्याची नळी.

‘‘मावशी, तुमची नवरी आणली,’’ ती म्हणाली. नळीतून तिने काचेसारखं आरपार दिसणारं एक मोठं पान काढलं. पानभर काळे ठिपके. बाकी काही नाही.

‘‘ही माझी लेक?’’ नसरा म्हणाली. ‘‘अगं, साखर सांडल्यावर मुंग्या लागतात तशी दिसतेय.’’

‘‘अर्धी आहे. उरलेली अर्धी शमसाकाकूंकडे.’’

शमसाने काल रय्याच्या निरोपावरून हमजाच्या छपाईच्या दुकानातून तसंच एक गुंडाळलेलं पान आणलं होतं आणि उघडून पाहिल्यावर ‘दुकानदाराने शाई सांडलीय’ म्हणून त्याला शिव्याही दिल्या होत्या.

रय्या बिछान्याशी टेकली. आपल्या कामाबद्दल बोलताना तिचा चेहरा असा उजळायचा की बघत राहावं. ‘‘फोटोचे बारीक बारीक चौकोन करायचे. प्रत्येक चौकोन पानावर अर्धा काळा, अर्धा मोकळा. कुठली बाजू काळी, ते नाणं उडवून ठरवायचं. आता दुसरं पान. फोटोत जिथे उजेड आहे तिथे दुसऱ्या पानावरही तीच बाजू काळी करायची. पान पानावर ठेवलं की अर्धा चौकोन मोकळाच राहतो. आणि जिथे अंधार आहे तिथे उलटी बाजू काळी करायची. पान पानावर ठेवलं की अख्खा चौकोन काळा.’’

‘‘म्हणजे एकाच पानात...’’

‘‘काही नाही! नुसतं नाणं उडवलेलं. जगातली सगळी यंत्रं लावली तरी एका पानातून असीलाचा नखाएवढा भागही निघायचा नाही. तो फोटो त्या पानात लपलेला नाहीच मावशी, तो दोघांच्या भेटीत आहे. आणि भेट झाली की यंत्र नको, विजेची गरज नको. नुसता डोळा पुरतो.’’

नसराने त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. आयुष्यभर एकेका टाक्याने चित्र उभं केलेली बाई ती. तिला हे जितकं कळलं तितकं त्या खोलीत कुणालाच कळलं नसेल. ‘‘काय डोकं म्हणावं गं हे,’’ ती म्हणाली. ‘‘ज्याने शोधलं त्याचे हात धुऊन पाणी प्यावं.’’

‘‘फोटो असीलासमोरच पुसला. पानांच्या फाइलीसुद्धा हमजाला एकेक करून दिल्या आणि प्रत्येक छापून झाल्यावर दुकानात उभी राहून पुसली. आणि दोन्ही पानं घरच्यांसमोर येईपर्यंत एकत्र करायची नाहीत, हा माझा नियम; म्हणून एक मी आणलं, एक काकूंनी. चला, बघू या.’’

तिने फ्रेममध्ये एक पान बसवलं, वर दुसरं ठेवलं, उजेडात धरलं. आणि तिचा चेहरा पडला.

वरचं पान खालच्यापेक्षा लहान होतं. फार नाही, चारी कडांनी बोटभर. दुसरं पान छापताना कडेचे ठिपके कापले जातील असं हमजाला वाटलं असणार. भला माणूस, त्याने न सांगता ते जरासं आक्रसून घेतलं. पानं मधोमध जुळत होती, तिथे तळहाताएवढा तुकडा उमटत होता, हाराची कडी की काय ते. भोवती सगळा मुंग्यांचा बाजार. पान सरकवलं की तुकडाही सरकायचा, एक दिसायचं तर दुसरं पुसलं जायचं.

‘‘अय्या, ही बघ ओढणीची कड!’’ शमसा म्हणाली. ‘‘असं सरकवत सरकवत बघ की वहिनी.’’

‘‘काय बघू? मासा कापल्यासारखी तुकड्या-तुकड्यांनी लेक बघू?’’ नसराचा आवाज फाटला. तिने रागाने डोळा मिटून घेतला. ‘‘ने ते. लहान पान मोठं करून आण.’’

‘‘मावशी, शुक्रवार आहे, दुकान बंद. हमजा उद्या दुकान उघडेल तोवर...’’ रय्या म्हणाली. तोवर नसरा ऑपरेशनच्या टेबलावर असणार होती.

रय्या खुर्चीत बसली आणि तिने तोंड ओंजळीत लपवलं. आपण इतकी चोख राखण केली की खुद्द आईलाही लेक दिसू नये. एकदा, फक्त एकदा पानं जुळवून पाहिली असती तर! शमसाने तिच्यापुढे कॉफीचा पेला ठेवला.

रय्याने पेला उचलला, पण प्यायली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. पलीकडच्या डोंगरावरचा बुरूज पेल्याच्या कडेमागे अख्खा झाकला जात होता. पेला एवढासा, बुरूज केवढा. तिने पेला पुढे नेला, मागे आणला. आणि ताडकन उठली.

‘‘लहान आहे ना? मग जवळ आणायचं! जवळची वस्तू मोठी दिसते!’’

तिने मोठं पान खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीने लावलं, आडवं, कारण नसरा कुशीवर होती. लहान पान फ्रेममध्ये घालून ती उशीशी उकिडवी बसली आणि फ्रेम स्वतःच्या डोळ्यांपुढे धरून मागेपुढे करू लागली. थोडी पुढे. थोडी मागे. काहीतरी येतंय असं वाटायचं, लगेच विस्कटायचं. तिने शमसाला बसवलं. शमसाने डोळे ताणताणून पाहिलं आणि मान हलवली. ‘‘मुंग्याच आहेत बाई.’’ रय्याने पुन्हा पाहिलं. गणित तर बरोबर होतं! मग दिसत का नाही?

‘‘मला दाखव,’’ नसरा म्हणाली.

‘‘मावशी, मला दिसत नाहीये, तर तुम्हाला...’’

‘‘तुला दिसत नाही म्हणून मला दिसू नये होय? धर इकडे.’’

रय्याने फ्रेम तिच्यापुढे धरली. ‘‘अजून जवळ,’’ नसरा म्हणाली. ‘‘जास्त झालं. वर. हां. आता हलवू नकोस.’’

मग त्या एका डोळ्यातून पाणी ओघळून उशीवर पडलं.

‘‘वहिनी, रडू नये गं डोळ्याने,’’ शमसा घाबरून म्हणाली. मग रय्याच्या कानाशी लागून कुजबुजली, ‘‘आपल्याला बरं वाटावं म्हणून करतेय बिचारी.’’

‘‘हात ठेवलाय तिने,’’ नसरा म्हणाली. ‘‘डाव्या डोळ्यावर. मेंदीचा तळवा माझ्याकडे करून.’’

हे रय्याने कुणाला सांगितलं नव्हतं. ते असीलाचं आईला देणं होतं, मध्ये बोलणारी ती कोण? मेंदीच्या रात्री त्या मुलीने हॉलमधल्या साऱ्या बायकांना थांबवलं होतं आणि एकच फोटो काढायला लावला होता, डावा डोळा तळव्याने झाकून. का, ते रय्याने विचारलं नव्हतं.

का, ते शमसाला ठाऊक होतं. असीला लहान असताना दिवसभर तशीच फिरायची, डाव्या डोळ्यावर हात दाबून. ‘मी आई झाले, मी आई झाले.’ एकदा तशीच जिन्यावरून गडगडली. शमसानेच तिला तेव्हा चापट मारली होती आणि म्हणाली होती, ‘काणीचं काय खेळतेस गं?’ नसरा तेव्हा स्वयंपाकघरात होती आणि तिने ते ऐकलं होतं. त्या गोष्टीला वीस वर्षं उलटली, पण दोघी त्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या.

‘‘एक डोळा!’’ रय्या ओरडलीच. ‘‘अहो, दोन डोळे दोन जागांवरून बघतात! एकाला पानं जुळतात तेव्हा दुसऱ्याला नाही जुळत, आणि सगळा गोंधळ होतो. मावशींना एकच... काकू, तुम्ही या इथे. मावशींच्या उशीवर डोकं ठेवा. आणि डावा डोळा झाका.’’

शमसा एरवी कुणाचं ऐकणारी नव्हे. पण ती वाकली, वहिनीच्या गालाला गाल लावून त्याच उशीवर कलंडली आणि तिने तळवा डाव्या डोळ्यावर दाबला. रय्याने फ्रेम केसभर सरकवली.

ठिपक्यांतून असीला वर आली. ओढणी, कपाळावरचं सोनं, पायापर्यंत पोशाख, आणि तो हात. काळीपांढरी, भरड, पण अख्खी. बाह्यांवरची जर दिसत नव्हती, टाके दिसत नव्हते. दिसत होतं ते असं, की बाह्या खांद्यावर नेमक्या बसल्या होत्या.

‘‘या अल्लाह,’’ शमसा म्हणाली. मग हळूच, ‘‘वहिनी, तू सगळं असंच बघतेस? इतकी वर्षं?’’

‘‘असंच. वाईट आहे का?’’

‘‘नाही,’’ शमसा म्हणाली. ‘‘मी तेव्हा चापट मारायला नको होती.’’

‘‘नव्हतीच मारायला पाहिजे.’’

रय्याच्या दंडाला कळ लागली होती, पण तिने फ्रेम हलवली नाही. ऊन उतरेपर्यंत ती तशीच धरून राहिली. आळीपाळीने एक बघायची, मग दुसरी. काचेमागचा उजेड गेला तशी नवरी हळूहळू पुन्हा ठिपक्यांत मिसळून गेली.

‘‘आता पानं वेगळी करा,’’ नसरा म्हणाली. ‘‘मोठं माझ्या पेटीत जाईल, पोशाखाच्या उरलेल्या कापडाच्या घडीत. लहान तुमच्याकडे राहू दे वन्सं.’’

‘‘माझ्याकडे कशाला?’’

‘‘डोळा राहिला तर मी येईन मागायला. नाही राहिला तर तुम्ही यायचं पान घेऊन. एक डोळा झाकायचा, बघायचं आणि मला सांगायचं.’’

शमसाने ते पान नळीत घातलं, झाकण लावलं, नळी छातीशी धरली. नाक ओढलं. ‘‘सांगीन की. सगळं सांगीन. पोरीचं नाक तुझ्यावर गेलंय, फताडं दिसतंय, तेसुद्धा सांगीन.’’

‘‘हसवू नका हो मला,’’ नसरा म्हणाली. ‘‘मान हलेल.’’