चुकलेल्याने हात वर करायचा

गाण्याच्या रेकॉर्डिंगला तेव्हा एक साधी रीत होती. ज्याचं चुकलं त्यानं मुकाट्यानं हात वर करायचा. चाळीस वादक बसलेत, काचेपलीकडे गायिका उभी, तिथं चौकशी करत कोण बसणार? हात वर झाला की संगीतकार दोन शिव्या हासडायचे आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

अशाच एका रेकॉर्डिंगचं गाणं पुढे न्हाव्याच्या दुकानापासून डॉक्टरांच्या वेटिंग रूमपर्यंत सगळीकडे वाजलं. त्यात दोन व्हायोलिनवाले शेजारी शेजारी बसले होते, दादा आणि लंबू. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी दोघांनी एकदम उचलायचं, तर एक व्हायोलिन अर्धी मात्रा आधीच घुसलं. गायिका त्या दिवशी अशी काही गायली होती की विचारू नका. संगीतकार ओरडले, "कोण?" हात वर होईना. दादांनी लंबूकडे पाहिलं. दादांना अगदी मनापासून वाटलं, हाच चुकला. लंबू गोंधळला, त्यानं दादांकडे पाहिलं, आणि हात वर केला.

गायिकेचा तो आवाज पुन्हा लागणार नव्हता म्हणून चुकीसकट तेच ठेवलं. लोकांना कशाचा पत्ता लागतो! पण लंबूनं मात्र हाय खाल्ली. पुढच्या प्रत्येक गाण्यात तो इतरांची वाट बघू लागला आणि उशिरा शिरू लागला. वर्षभरात व्हायोलिन विकून तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून झाला. दादांनी पुढे तीस वर्षं वाजवलं.

आता दादा एकटे. मुलीचा फोन येतो, "जेवलात का?" आणि उत्तर पुरं व्हायच्या आत ठेवलाही जातो. दाराची बेल वाजवणारा एकच माणूस, लंबू, दर गुरुवारी चारला. बोलता बोलता गाडी त्या गाण्यावर यायचीच. लंबू म्हणायचा, "माझ्यामुळे डाग लागला रे दादा त्याला." दादा मोठ्या मनानं म्हणायचे, "जाऊ दे, होतं असं." खरं सांगायचं तर, असं माफ करायला दादांना बरं वाटायचं.

मागच्या महिन्यात स्टुडिओतून एका ध्वनिमुद्रक बाईंचा फोन आला. त्या गाण्याची मूळ टेप सापडली होती आणि त्यावर प्रत्येक माइकचा आवाज वेगवेगळा नोंदलेला होता. बाईंना ते गाणं नव्यानं काढायचं होतं, म्हणून त्यांनी दादांना ऐकायला बोलावलं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. बाईंनी एकच व्हायोलिन लावलं. स्वराला खालून हळूच शिवत वर जायचं, ही खोड सबंध धंद्यात एकट्या दादांची. आणि तेच व्हायोलिन अर्धी मात्रा आधी घुसलं. मग बाईंनी दुसरं लावलं. ते कसं अगदी वेळेवर, स्वच्छ.

"पहिलं थोडं सरकवून वेळेवर आणू का? कुणाला कळणार नाही," बाई म्हणाल्या.

"नको," दादा म्हणाले. "दोन्ही मला मोबाइलवर देता का?"

दोन गुरुवार दादा गप्प राहिले. सांगितलं तर लंबू येईल का? नाही आला तर घरात आवाज कुणाचा, फ्रिजचा? भेकड माणूस, दुसरं काय! पण तिसऱ्या गुरुवारी लंबू पुन्हा म्हणाला, "माझ्यामुळे," आणि दादांना पुढचं ऐकवेना. त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि दोन्ही तुकडे लावले.

लंबूनं डोळे मिटून ऐकलं. "पुन्हा लाव," म्हणाला. मग पुन्हा.

"हा मी? हा बरोबरवाला?"

"तूच. चुकलो मी. तुझ्याकडे बघायला नको होतं मी."

लंबूचा चेहरा आधी एकदम उजळला. "बघ! मी वेळेवर होतो! अगदी वेळेवर!" तो उभाच राहिला. मग हळूहळू खाली बसला.

"हिला सांगायला पाहिजे होतं रे," तो म्हणाला. "ही जाईपर्यंत म्हणायची, तुम्ही चुकला नसाल, मला नाही पटत. आणि मी दर वेळी तिच्यावर खेकसायचो, तुला काय कळतं त्यातलं?"

दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लंबूनं तो झटकला नाही; हलकेच उचलून बाजूला ठेवला आणि चपला घातल्या.

"लंबू, माफ कर रे मला."

"तुझ्यावर राग नाही दादा. असेल तरी या वयात कुठे ठेवू?" तो दारात थांबला. "पण आता नाही यायचो मी. इतकी वर्षं तुझ्याकडे मी माफी मागायलाच येत होतो. आता काय म्हणून येऊ?"