उपलब्ध रेकॉर्ड

विशाखाने कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"मी नाही काढणार, सर."

रामदास सरांनी मागचा काचेचा दरवाजा ओढून घेतला. सर्व्हर रूमची घरघर दबली.

"डिलीट कर म्हणतोय का मी? फक्त झोन काढ. तीन वाजता ते जुने कामगार येतील, बघतील, जातील. चारला परत लाव."

"म्हणजे त्यांना खोटं सांगायचं."

"खोटं कसलं? सरकारी आदेशात काय लिहिलंय? उपलब्ध असलेला रेकॉर्ड दाखवावा. सर्व्हरला दिसत नाही, म्हणजे उपलब्ध नाही. सिंपल."

ते म्हणत होते ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. सर्व्हर आणि डिस्क यांच्यामध्ये फायबर चॅनलचा स्विच होता. कोणत्या सर्व्हरला कोणती डिस्क दिसायची, हे त्या स्विचमधल्या झोनवर ठरायचं. झोन काढला की डिस्क फिरत राहायची, तिच्यावरचं एक अक्षरही हलायचं नाही, पण सर्व्हरच्या लेखी ती नसायचीच.

त्या डिस्कवर मिलची हजेरीपत्रकं होती. संपानंतर मिल बंद पडली, जमीन कंपनीकडे आली, तिच्याबरोबर कपाटंच्या कपाटं कागद आले आणि कुणीतरी ते स्कॅन करून ठेवले. आता जुन्या कामगारांना घरं मिळणार होती. मागण्यात येत होता तो एकच पुरावा, संपाच्या वेळी मिलच्या हजेरीपटावर नाव असल्याचा. सव्वीस वर्षांत बहुतेकांची मिलची ओळख-तिकिटं हरवली होती. आणि जितकी नावं सापडतील, तितकी जमीन कंपनीला घरांसाठी सोडावी लागणार होती.

"मेलवर लिहून द्या, सर. लगेच काढते."

रामदास सर हसले नाहीत. स्विचचा पासवर्ड तिच्याकडे आणि आणखी एका इंजिनियरकडेच होता, आणि तो रजेवर होता.

"उद्या तुझं कार्ड गेटवर चालतं का बघ," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

विशाखाने डिस्क उघडून पाहिली. पानं शाबूत होती. एकोणीसशे ब्याऐंशी, सूत कातणारं रिंग खातं. तिने सहज बापाचं नाव टाकलं: लहू तांबे. संप सुरू झाला त्या अठरा जानेवारीपासून ओळभर गैरहजेरीच्या फुल्या. फेब्रुवारी, मार्च, तशाच फुल्या. ऑक्टोबरच्या पानावर तिचं बोट थबकलं. तिथे फुल्या नव्हत्या. चोवीस दिवस हजर.

"संपात एक दिवस गेटच्या आत पाय टाकला नाही मी." डिलाईल रोडच्या चाळीत बाबा हे वाक्य कुणालाही ऐकवायचे. तिच्या लग्नाची बोलणी करायला आलेल्यांनाही त्यांनी ते ऐकवलं होतं.

तिने पान मोठं केलं. तिकीट नंबर तोच होता. शेजारच्या खिडकीत स्विच उघडा होता. एक ओळ टाइप केली असती, तर हे पान कुणालाच दिसलं नसतं. रामदास सरही खूश झाले असते. ती उठली, कूलरचं पाणी प्यायली आणि परत येऊन स्विचची खिडकी बंद केली.

तीन वाजता दोघं आले. धर्माकाका, बाबांच्याच खात्यातले, चाळीत वरच्या मजल्यावर राहणारे. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून त्यांनीच हा आदेश मिळवला होता. आणि सखुबाई. तिचा नवरा महादेव संप चालू असतानाच वारला होता.

"सॉरी," रामदास सर म्हणाले, "सिस्टिममध्ये रेकॉर्ड दिसत नाही."

"दिसतंय," विशाखा म्हणाली आणि तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

तिने महादेवचं नाव टाकलं. पान उघडलं.

"आमच्या ह्यांचा नाव गावला काय गो?" सखुबाईने विचारलं. विशाखाने ओळ दाखवली तेव्हा तिने पदराने बोट पुसलं आणि मग काचेला लावलं.

"आता रिंग खातं," धर्माकाका म्हणाले. "ऑक्टोबर."

विशाखाचा हात माउसवर तसाच राहिला.

"काका, दुसरा महिना चालेल ना? फक्त नावच तर पाहिजे."

"ऑक्टोबरच काढ."

पान उघडलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनजवळ तोंड नेलं. लहूच्या नावावर त्यांनी नजर टेकवली, पण थांबले ते त्याच्या खालच्या ओळीवर. धर्मा मोहिते. चोवीस दिवस हजर.

विशाखाने त्यांच्याकडे पाहिलं. चाळीतल्या प्रत्येक सभेत पुढे बसणारा हा माणूस.

"हे असंच निघणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मग? लिहिलेलं कुठे जातंय?"

"काय लिवलाहा?" सखुबाईने विचारलं.

धर्माकाका तिच्याकडे वळले. "वहिनी, महादेव शेवटपर्यंत बाहेर होता. मी न् लहू आत गेलो. ऑक्टोबरात."

सखुबाई बराच वेळ त्या काचेकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. मग तिने खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच खाली बसली.

"छाप गो बाय," ती म्हणाली. "सगळ्यांचा छाप."

रामदास सरांनी फोन उचलला. विशाखाने प्रिंटरचा ट्रे ओढला आणि कागदांचा नवा गठ्ठा फोडला.