कमरेवरचा ताप

मी कळशी बोलतेय. लालबागच्या एका चाळीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जाईबाईची तांब्याची कळशी. आवाज कापतोय माझा, सांभाळून घ्या.

माझा जन्म भुलेश्वरकडच्या एका तांबटाच्या दुकानातला. त्याने मला इतकं ठोकलं की तेव्हापासून मी जरा भित्रीच आहे. जाईबाईच्या आईने लेकीला लग्नात मला दिलं. खालच्या नळावर भरायचं, तिच्या कमरेवर बसून जिने चढायचे आणि घरात रिकामं व्हायचं, एवढाच माझा संसार.

तिचा नवरा कोंडीराम गिरणीत आहे. माणूस वाईट नाही हो. गेल्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला. सगळी माणसं सारखी, हे तो ओट्यावर बसून इतक्या पोटतिडकीने सांगतो की मलाही भरून येतं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात जाईबाई गेली तेव्हा सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्याच्याच. लेक चंपा शिकून मास्तरीण होणार, हेही तोच चाळभर सांगायचा. पण नळावर? छे! पुरुषाने कळशी उचलली की चाळ हसते.

यंदा जूनमध्ये फ्लू आला. घरोघरी माणसं आडवी झाली, गिरणीतली खाती ओस पडली. आमच्या खालच्या मजल्यावरची एक बाळंतीण त्यात गेली. नळाच्या रांगेत तिचा हंडा माझ्या शेजारी असायचा. नंतर तो पुन्हा आला, तिच्या एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर. मला तेव्हा जी धडकी भरली ती अजून जात नाही.

आमच्याकडे आधी कोंडीराम पडला, मग मुलगा जगदीश. जाईबाईने दोघांच्या कपाळावर घड्या ठेवल्या, पेज भरवली, औषधासाठी दवाखान्यात रांग लावली. दोघं उठले आणि ती पडली.

"चंपे, शाळा ऱ्हाऊ दे आता," कोंडीराम म्हणाला. "घरात पानी कोन भरनार?"

"जगदीश भरंल की. त्यो बरा झालाय."

"त्यो पोरगा हाय. शाळा काय पळून जातीया व्हय?"

जगदीशने दप्तर उचललं आणि चंपाने मला. वर्गात पहिला नंबर तिचा असतो, त्याचा नव्हे. मला फार राग आला, पण भांड्याचा राग कोण विचारतो!

आज सकाळी तिने मला भरलं आणि कमरेवर घेऊन ती चढायला लागली. पाणी गार, मीही गार. तरी माझी एक बाजू तापत चालली. मला आधी वाटलं, ऊन असेल. जिन्यात कुठलं आलंय ऊन! पोरीचं अंग भाजत होतं, आणि ते माझ्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

वाटेत शेजारीण रखमा भेटली. "तोंड का गं असं लाल तुझं?"

"काय न्हाय मावशी. आयला नका सांगू, ती उठंल."

म्हणून ती ताप लपवत होती! त्या घरात दोघी बायकांनी एकाच वेळी आजारी पडायची सोयच नव्हती. मी भीतीने नुसती डचमळत होते. शेवटच्या वळणावर तिचा तोल गेला, हात सुटला आणि मी खणखणत खाली गेले. जिनाभर पाणीच पाणी.

आतून कोंडीरामचा आवाज आला, "कळशी पडली व्हय? पोचा न्हाय ना आला?"

चंपा भिंतीला टेकून तिथेच बसली होती. कोंडीराम बाहेर आला, तिच्या अंगाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे झाला. मग तिला उचलून त्याने आईशेजारी, एकाच गोधडीखाली निजवलं.

आता रखमाने मला आणून उंबऱ्याशी ठेवलंय. मी रिकामी आहे. पोरीच्या घशाला कोरड पडलीय, घरात पाण्याचा थेंब नाही आणि नळ आत्ता जाईल. गॅलरीत शेजारीपाजारी उभे आहेत. कोंडीराम उभ्याउभ्या कधी त्यांच्याकडे बघतोय, कधी माझ्याकडे. आणि ती बघा, जाईबाई भिंत धरून उठली! मला फार भीती वाटतेय हो. खालची बाळंतीणही अशीच तापात उठून पाण्याला आली होती.

कोंडीराम, हसतील ते. हसू देत. तुझा ताप उतरलाय, तुझे हात धड आहेत. तिचा हात माझ्यापर्यंत पोचायच्या आत उचल मला.